हलकी रेड वाईन, जड कायदा

या मालिकेत आपण आतापर्यंत बहुतेक वेळा किल्ले, तोफा आणि तह यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील. आज आपण नाशिकच्या रेड वाईनबद्दल बोलणार आहोत. तीही मोठ्या कंपनीची, जड, ओकच्या पिंपात मुरवलेली वाईन नव्हे. एखाद्या शेतकरी कुटुंबाने आपल्याच बागेच्या द्राक्षांपासून आपल्याच शेडमध्ये केलेली, रंगाने फिकट आणि चवीला हलकी अशी रेड वाईन.

सुरुवातीलाच एक सांगतो. हा भाग कोणाला पिण्याचा आग्रह करण्यासाठी नाही. मी तोफखान्यात तीस वर्षांहून जास्त काळ काढला. दारूने घर मोडलेले जवान पाहिले आणि त्यांच्या बायकांची पत्रेही वाचली. पण इतिहास सांगायचा तर एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या मातीत सातशे वर्षांपासून द्राक्षे पिकतात, तिथे छोट्या कुटुंबाची साधी वाईन इतक्या उशिरा का आली? आणि आली तरी इथे नोएडात माझ्या टेबलापर्यंत का पोहोचत नाही?

आधी 'हलकी' म्हणजे काय ते पाहू. द्राक्षाचा रस, काळ्या द्राक्षाचा असला तरी, बहुतेक वाणांत पांढुरकाच असतो. लाल रंग येतो सालीतून. तोंड कोरडे करणारा तुरटपणाही साल आणि बियांतूनच येतो. रस सालींसकट चार-पाच दिवस आंबवून मग गाळला, तर रंग फिकट राहतो आणि तुरटपणा कमी येतो. दोन-तीन आठवडे ठेवला तर वाईन गडद आणि जड होते. दुसरी गोष्ट साखरेची. बागायतदार रसाची गोडी ब्रिक्समध्ये मोजतात. एकवीस ब्रिक्सला तोडलेल्या द्राक्षांपासून साधारण बारा टक्के अल्कोहोलची वाईन होते. पंचवीसपर्यंत थांबलात तर ती चौदाच्या आसपास जाते. म्हणजे तोडणी थोडी लवकर, साली थोडे दिवस, पिंपाऐवजी स्टीलची टाकी, आणि काही महिन्यांत बाटली. हलक्या रेड वाईनचे गणित एवढेच आहे. तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही कमी असल्यामुळे ती आपल्या तिखट रश्श्याबरोबरही चालते. जड वाईन तिखटाची आग वाढवते.

आता इतिहासाकडे. रेड वाईन म्हणजे जड किंवा गोड, ही समजूत आपल्याकडे आली कुठून? युरोपातही ती मूळची नाही. बोर्दोच्या वाईनला इंग्रज 'क्लॅरेट' म्हणतात. तो शब्द फ्रेंच 'क्लेरे'वरून आला आणि त्याचा अर्थच फिकट. मध्ययुगात इंग्रज जी बोर्दो पीत, ती फिकट लाल आणि ताजी असे. पुढे फ्रान्स शत्रू झाला. १७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथुएन तह झाला. त्यात पोर्तुगीज वाईनवरची जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवायची असे ठरले. इंग्रजी जेवणाच्या टेबलावर पोर्ट घट्ट बसली ती त्यानंतर. पोर्ट म्हणजे रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची दारू मिसळून किण्वन थांबवलेली वाईन. साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल एकोणीस-वीस टक्क्यांपर्यंत जाते. असा माल समुद्रप्रवासात खराब होत नाही. कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात आलेली मदेरा याच जातीची. हलकी वाईन त्या प्रवासात टिकत नसे. म्हणून साहेबांनी इथे आणली ती जड वाईन.

आमच्या मेसमध्ये ती परंपरा आजही दिसते. डिनर नाइटला जेवण संपले की पोर्टचा डिकँटर डाव्या बाजूने फिरतो आणि राष्ट्रपतींच्या नावे टोस्ट होतो. अठराव्या शतकातल्या जकातीची ही खूण आम्ही कडक गणवेशात जपतो आणि बहुतेकांना तिचा उगम माहीत नसतो. गोव्यात स्वस्त गोड लाल वाईनला सर्रास 'पोर्ट'च म्हणतात. त्यामुळे रेड वाईन म्हणजे औषधासारखे काहीतरी गोड, नाहीतर साहेबी थाटाचे काहीतरी जड, एवढीच आपली ओळख राहिली.

नोकरीच्या काळात मी देवळालीला होतो. तोफखान्याचे स्कूल तिथेच. देवळालीची छावणी इंग्रजांच्या काळी परतीच्या जहाजाची वाट पाहणाऱ्या गोऱ्या सैनिकांची होती. उकाडा, ताप, रिकामे महिने आणि दारू यांनी त्यांची डोकी फिरत. इंग्रजीत वेडसर माणसाला 'डुलाली' म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीचा. आज त्याच तालुक्याच्या आसपास देशातल्या सर्वांत जास्त वाईनरी आहेत. ऐंशीच्या दशकात मात्र रेंजवर जाताना दिसत त्या खायच्या द्राक्षांच्या बागा. वाईन हा शब्द कोणा बागायतदाराच्या तोंडी ऐकल्याचे मला आठवत नाही.

द्राक्षे मात्र दख्खनला नवीन नाहीत. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. त्या एका वाक्यात आपल्या द्राक्षशेतीचे मर्म आहे. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि वर्षाला एकदाच फळतो. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. म्हणून आपला बागायतदार दोन छाटण्या घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून पुढची काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहार छाटणी, तिच्यातून घड येतात. छाटण्या दोन, पण पीक एकच, तेही जानेवारी ते मार्चमध्ये, पाऊस टळल्यावर. नाशिक भागातल्या आधुनिक द्राक्षशेतीची सुरुवात १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केली असे सांगितले जाते. हे तेच ओझर, जिथे पुढे एचएएलच्या कारखान्यात मिग विमाने बनली. भोकरी, पांढरी साहेबी हे जुने वाण मागे पडले, थॉमसन सीडलेस आली, आणि नाशिक-सांगली-सोलापूर पट्ट्यात द्राक्षाने घरे उभी केली.

मग वाईन का नाही? उत्तर शेतात नाही, कायद्यात आहे.

मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. त्यामागे मुख्य हेतू महसुलाचा होता. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू गाळणे मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या ठेकेदारांच्या हाती आणले गेले. १८९२ च्या महुरा कायद्याने तर मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच बंधने आली. आदिवासींच्या अंगणात पडलेले फूल सरकारी हिशेबात गेले. या व्यवस्थेच्या डोळ्यांसमोर होती गाळलेली, कडक दारू. आंबवून केलेले हलके पेय आणि भट्टीतून गाळलेली दारू यांत फरक करण्याची तिला गरजच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. घटनेच्या ४७ व्या कलमाने दारूबंदीच्या दिशेने जाणे हे राज्याचे कर्तव्य मानले. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यावर एफ. एन. बलसारा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ मध्ये निकाल लागला. औषधे आणि अल्कोहोल असलेली प्रसाधने यांच्यावरची बंधने न्यायालयाने उडवली, बाकीचा बराचसा कायदा टिकला. त्यात एक मुद्दा आम्हा सैनिकांचाही होता. लष्करी मेसला दिलेली सवलत हा भेदभाव आहे असे म्हटले गेले होते, पण न्यायालयाने ती सवलत कायम ठेवली. म्हणजे मुंबई कोरडी असताना मेसमधली पोर्ट फिरतच राहिली आणि नाशिकच्या शेतकऱ्याला मात्र स्वतःच्या द्राक्षाचा रस आंबवणे हा गुन्हा होता. पुढे बंदी सैल झाली, परमिटे आली. कायद्याचा सांगाडा तोच राहिला.

घटनेने आणखी एक गोष्ट ठरवली. सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत आठवी नोंद मादक पेयांची आणि एक्कावन्नावी त्यांच्यावरच्या उत्पादन शुल्काची. म्हणजे दारूच्या बाबतीत प्रत्येक राज्य हा वेगळा मुलूख. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही पिण्याचे अल्कोहोल बाहेरच ठेवले गेले. नाशिकचा बेदाणा एका करात नोएडाला येतो. नाशिकची वाईन प्रत्येक हद्दीवर नव्याने परवानगी मागते.

अशा व्यवस्थेत पहिले पाऊल टाकणे मोठ्या भांडवलालाच शक्य होते. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला इंडेज सुरू केली आणि फ्रेंच तंत्राच्या मदतीने 'ओमर खय्याम' ही फेसाळणारी वाईन परदेशी पाठवली. नव्वदच्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला घरच्या जमिनीवर आले, आईच्या सुलभा या नावावरून 'सुला' उभी केली आणि २००० मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या.

छोट्यांसाठी दार उघडले ते २००१ च्या महाराष्ट्र द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने. राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यातच केलेल्या वाईनला उत्पादन शुल्कातून सवलत मिळाली. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क उभे राहिले. वाईन हे शेतमालावर प्रक्रिया करून झालेले उत्पादन आहे, असे सरकारने एकशे वीस वर्षांत प्रथमच म्हटले. नाशिकमध्ये भराभर वाईनरी निघाल्या. अकलूजला दिल्लीचे सेखरी बंधू, तिथले मोहिते-पाटील बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू एकत्र आले आणि 'फ्रातेल्ली' म्हणजे 'भाऊ' हेच नाव कंपनीला दिले. त्यांनी लावलेला सांजोवेजे हा मध्य इटलीचा वाण फार गडद रंग देत नाही. आंबटसर आणि मोकळी रेड वाईन त्याच्यापासून करता येते. निफाडजवळ कुंदेवाडीलाही एका घराण्याने आपल्या जमिनीत इटालियन वाण लावले. गंगापूर धरणाच्या काठी एका कुटुंबाने तीन भावंडांच्या नावांची अक्षरे जोडून 'यॉर्क' ही वाईनरी काढली. घरातलाच मुलगा ऑस्ट्रेलियात वाईनचे शास्त्र शिकून आला.

आणि मग २००८ आले. जगभर मंदी, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला, पर्यटक गायब, हॉटेले रिकामी. टाक्यांमध्ये वाईन पडून राहिली. इंडेज कर्जात बुडाली. कराराने द्राक्षे दिलेल्या कित्येक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. वाईनचा वाण खायच्या बाजारात चालत नाही. घड लहान, मणी बारीक, साल जाड, आत बिया. घ्यायला वाईनरी नसेल तर तो माल कवडीमोल. शेतकऱ्यांनी वेल उपटले, कोणी पुन्हा थॉमसनकडे वळले. लष्करात शिकवतात की रसदेची एकच वाट असेल तर ती तुटली की तुकडी संपली. इथे नेमके तेच झाले. वाईन द्राक्षाला विक्रीची एकच वाट होती.

हलक्या रेड वाईनचे महत्त्व इथे येते. हिशेब करून पाहू. समजा एका कुटुंबाकडे वाईन द्राक्षाची तीन एकर बाग आहे. दर्जासाठी पीक कमी ठेवतात, म्हणून एकरी चार टन धरू. बारा टन द्राक्षे. एका टनाला साडेसहाशे लिटर धरले तर साधारण आठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार बाटल्या. जड वाईन करायची तर २२५ लिटरची परदेशी ओकची पिंपे हवीत. मग वर्ष-दीड वर्ष पैसा अडकून, तोवर कर्जाचे व्याज चालू. हलकी वाईन फेब्रुवारीत तोडून स्टीलच्या टाकीत करता येते आणि पावसाळ्यापर्यंत बाटलीत जाते. पुढच्या गोडी छाटणीची मजुरी त्याच वर्षीच्या पैशातून निघू शकते. शिवाय आपल्याकडे फेब्रुवारीअखेर ऊन चढू लागले की द्राक्षातली आम्लता झपाट्याने उतरते. लवकर तोडलेल्या द्राक्षात ती टिकते. म्हणजे आपले हवामान आणि छोट्या घराची तिजोरी, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. तरीही बाजारात जड शिराझ आणि कॅबरनेच जास्त, कारण रेड म्हणजे जड ही मेसमधली समजूत आता मॉलमध्ये पोहोचली आहे.

या दहा हजार बाटल्या विकायच्या कुठे? नोएडाला पाठवायच्या तर उत्तर प्रदेशात प्रत्येक लेबलची दरवर्षी नोंदणी, तिचे शुल्क, घाऊक विक्रेता आणि आयातीचा परवाना. यमुना ओलांडून दिल्लीत पाठवायच्या तर हे सगळे पुन्हा. लाखो बाटल्यांवर हा खर्च विरघळतो. तीनशे बाटल्यांवर तो वाईनपेक्षा महाग पडतो. त्यामुळे इथल्या दुकानात मला नाशिकची नावे दिसतात ती मोठ्यांचीच. छोट्याकडे दोनच रस्ते उरतात. वाईनरीच्या दारात येणाऱ्या पाहुण्याला विकणे, किंवा मोठ्याच्या पंखाखाली जाणे. २०२१ मध्ये यॉर्क सुलाने विकत घेतली. त्यात वावगे काही नाही, व्यवहार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारातही आली. पण घराच्या नावाने चालणारी आणखी एक वाईनरी कमी झाली, हेही खरे.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. कारण दिले शेतकऱ्याचे. लगेच विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय बारगळला. तो विरोध करणाऱ्यांना मी मागासलेले म्हणणार नाही. याच महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी मतदान करून 'आडवी बाटली' निवडली आणि दुकाने बंद केली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांच्या आंदोलनातून आली. आणखी एक साधा हिशेब पाहा. साठ मिलिलिटर रममध्ये सुमारे सव्वीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. बारा टक्के वाईनच्या दीडशे मिलिलिटरच्या ग्लासात अठरा. दोन ग्लास झाले की वाईन रमच्या पुढे गेली. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य खोटे आहे, आणि शेतकऱ्याचे भले व्हावे म्हणूनही ते बोलू नये.

पण सुपरमार्केटच्या त्या भांडणात छोटे कुटुंब दोन्हीकडून हरवले. मॉलच्या फळीवर जागा मिळणार होती ती मोठ्यांनाच. तिथेही माल, सवलत आणि जाहिरात लागते. ती दहा हजार बाटल्यांच्या घराला परवडत नाही. म्हणजे नाव शेतकऱ्याचे आणि दुकान दुसऱ्याचे.

माझे मत विचाराल तर दोन गोष्टी सांगेन. पहिली, कर आणि शुल्क ठरवताना वर्षाला किती बाटल्या होतात आणि द्राक्षे कोणाच्या बागेतली आहेत, हे पाहावे. दहा हजार बाटल्यांच्या घराकडून आणि लाखो बाटल्यांच्या कंपनीकडून लेबलचे तेच शुल्क घेणे म्हणजे सायकल आणि ट्रकला एकच टोल लावणे. दुसरी, राज्याराज्यांनी आपसात करार करून छोट्या वाईनरीची एका राज्यातली लेबल नोंदणी दुसऱ्या राज्यात मान्य करावी. कर प्रत्येकाने आपापला घ्यावा, बंदी हवी तिथे बंदी ठेवावी, पण तोच कागद प्रत्येक हद्दीवर नव्याने काढायला लावू नये. यात गल्लीत एकही नवे दुकान वाढत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना एक विनंती. सुट्टीत नाशिकला गेलात, त्र्यंबक आणि पंचवटी झाली, की एखाद्या छोट्या वाईनरीवरही जा. पीत नसाल तरी जा. फेब्रुवारीत गेलात तर तोडणी दिसेल. खरड छाटणी आणि गोडी छाटणी यांतला फरक बागेतल्या माणसाकडून समजून घ्या. त्याच्या टाकीत यंदा किती लिटर आहे आणि मागच्या वर्षीचे अजून किती शिल्लक आहे, हेही विचारा. दुसऱ्या आकड्यावरून कळेल की पुढच्या वर्षी ते वेल तिथे असतील की नाही.

पुढच्या भागात पुन्हा तोफांकडे वळू. जय हिंद.